सभापतींच्या टेबलावरची मोटार

नाना कोणत्याही वस्तूला आधी उलटा हात लावायचे. तळवा नव्हे, हाताची मागची बाजू. टेबलावर नवी फाइल आली की फाइलला, चहाच्या कपाला, टेलिफोनला, सरकारी जीपच्या बॉनेटला. एकदा अंगात ताप असूनही मी कामावर गेले होते. केबिनमध्ये शिरले तर त्यांनी माझ्या कपाळालाही तसाच हात लावला आणि म्हणाले, "बाई, बेअरिंग गरम झालंय. घरी जा."

"उलटाच का लावता?" असं मी पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं.

"सुलटा लावला आणि आत करंट असला तर मूठ आवळते, मग सुटत नाही. उलटा हात आपोआप मागं येतो," ते म्हणाले. मग केबिनच्या दाराकडे बघून आवाज खाली आणत, "राजकारणात आल्यावर तर ही सवय लय कामाला आली."

मी तेव्हा जिल्हा परिषदेत टंकलेखक होते. नव्वदचं दशक नुकतंच सुरू झालं होतं, नोकरीला दोन वर्षं झाली होती आणि समोरचा मराठी टाइपरायटर माझ्यापेक्षा वयानं मोठा होता. नाना कृषी समितीचे सभापती झाले आणि त्यांच्या केबिनबाहेरची खुर्ची माझ्याकडे आली. सभापती म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर जे येतं तेच माझ्याही आलं होतं. कडक इस्त्री, बोटात अंगठ्या, मागे पाच-सहा माणसं. प्रत्यक्षात आले ते ठेंगणे, बुशशर्ट घातलेले गृहस्थ, एकटेच. खिशाला पेन आणि पेनाशेजारी विजेचा टेस्टर. शिपायानं अदबीनं सुचवून पाहिलं की साहेबांनी आता तो घरी ठेवावा. नाना म्हणाले, "पेन ठेवतो घरी. सही करायला तुमच्याकडे आहेच की एखादं."

नाना वणीकडच्या एका खेड्यातले. दहावीला दोनदा बसले, दोनदा घरी आले. मग चुलत्यानं त्यांना नाशकात द्वारकेला आणलं आणि एका म्हाताऱ्या मिस्त्रीच्या पत्र्याच्या शेडमध्ये सोडलं. तिथं ते मोटार भरायला शिकले. विहिरीवरची मोटार जळाली की तिच्या पोटातली जळकी तार काढायची आणि नवी तांब्याची तार वेटोळ्यांनी बसवायची, याला आमच्याकडे मोटार भरणं म्हणतात. मिस्त्री गेले तेव्हा शेड नानांकडे आली. शेडचं दुकान झालं, दुकानात नव्या पंपांची एजन्सी आली. धाकट्या भावाला त्यांनी गावाहून आणलं, शेजारी बसवलं आणि तेच काम शिकवलं.

एसटीच्या टपावर जळकी मोटार टाकून शेतकरी यायचे. मोटार भरून होईपर्यंत दिवसभर दुकानातच बसायचे. बसलेला माणूस बोलतो. कुणाचा ट्रान्सफॉर्मर जळालेला, कुणाच्या गावचा रस्ता वाहून गेलेला. नाना एका हातानं तार गुंडाळत ऐकायचे आणि संध्याकाळी दुकान आवरताना त्यांचे अर्ज लिहून द्यायचे. "मला पुढारी केलं ते कमी व्होल्टेजनं," असं ते सांगत. पहिल्या निवडणुकीत थोडक्या मतांनी पडले. दुसरीत निवडून आले आणि वर्षभरात सभापती झाले.

त्या दिवशी त्यांनी दुकानाच्या किल्ल्या भावाच्या हातात दिल्या. ते दुकान आता पूर्णपणे धाकट्यानं बघायचं. एकच अट घातली. परिषदेच्या कुठल्याही कामाला आपल्या दुकानातून साधा वायसरसुद्धा जाता कामा नये. सदस्यानं परिषदेशी व्यवहार करायचा नाही असा कायदाच होता. पण नानांना कायद्यापेक्षा लोकांच्या जिभेची धास्ती जास्त होती.

सभापती म्हणून ते फार मोठे होते असं मी म्हणणार नाही. भाषण करायला उभे राहिले की दुसऱ्या मिनिटाला गाडी पंपावर यायची. रागावले की शिपायापासून अधिकाऱ्यापर्यंत सगळ्यांना सारखंच बोलायचे आणि नंतर सगळ्यांना सारखाच चहा पाजायचे. पण केबिनचं दार उघडं असायचं. डोंगराकडून आलेला माणूस दारात चपला काढायला लागला की ते ओरडायचे, "अहो, देऊळ नाही हे! या तसेच."

त्यांच्या तिसऱ्या वर्षी अध्यक्षपद रिकामं होणार होतं. नानांच्या नावावर जवळजवळ एकमत झालं होतं. फुटाफूट नको म्हणून बाकीच्या सदस्यांना पक्षानं थंड हवेच्या ठिकाणी सहलीलाही नेऊन ठेवलं होतं. परत आले की मतदान. आमच्या शिपायानं अध्यक्षांच्या केबिनचे पडदे कुठल्या रंगाचे घ्यायचे याची माझ्याशी चर्चा सुरू केली होती.

अशा एका सकाळी बाहेर धाडकन आवाज झाला. पेठच्या पलीकडच्या एका पाड्यावरचा शेतकरी खांद्यावरून पोतं खाली टाकून धापा टाकत उभा होता. पोत्यात मोटार होती. शिपाई त्याला अडवत होता आणि तो एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होता, "सायबालाच दाखवायची हाय."

नाना स्वतः बाहेर आले. पोत्याचं एक टोक त्यांनी धरलं, दुसरं त्यानं, आणि दोघांनी मिळून ती मोटार सभापतींच्या काचेच्या टेबलावर ठेवली. मी घाईघाईनं खाली वर्तमानपत्र सरकवलं.

"तुमच्याच योजनेतली हाय, सायेब," तो म्हणाला. "वीस-एक दिस चालली. मंग वास आला न् बंद पडली. पाड्यात समद्यांना भेटल्या, समद्यांच्या जळल्या. लोकं म्हनत्यात, आम्हाला वापराया येत नाय."

आदिवासी शेतकऱ्यांना अनुदानावर पंप देण्याची ती योजना होती. नानांच्याच समितीची, त्यांची लाडकी. पुरवठा एका ठेकेदारानं केला होता.

नानांनी खणातून स्क्रूड्रायव्हर काढला. त्यांचा चेहरा खुलला होता. इतक्या वर्षांनी हाताला आपलं काम मिळालं होतं. "वापरायला न यायला ते काय विमान आहे?" असं म्हणत त्यांनी झाकण काढलं, आत वाकून वास घेतला, जळकी वेटोळी बोटानं चाचपली.

आणि ते थांबले.

मोटार उचलून ते खिडकीशी गेले. उजेडात बराच वेळ बघत राहिले. मग शिपायाला म्हणाले, "यांना खाली घेऊन जा. पोटभर खायला घाला. एसटीत बसवल्याशिवाय वर येऊ नका." शेतकऱ्याला म्हणाले, "तुम्हाला सगळं वापरता येतं. पाड्यात जाऊन सांगा, सभापतीनं सांगितलं म्हणून."

तो गेल्यावर त्यांनी मला जवळ बोलावलं. "बाई, हा दोरा बघा."

तारेची वेटोळी हलू नयेत म्हणून ती दोऱ्यानं बांधतात. तो दोरा अर्धवट जळला होता, पण एक गाठ शाबूत होती. दोनदा फिरवून, टोक आत खोचलेली.

"ही गाठ माझ्या मिस्त्रीची. नाशकात दुसरं कोणी अशी मारत नाही. मिस्त्री वारले. मी तीन वर्षं मोटारीला हात लावला नाही." ते खुर्चीत बसले. "राहिलं कोण?"

धाकट्या भावाला मी चांगली ओळखत होते. दर दिवाळीला फराळाचा डबा घेऊन तेच यायचे.

नानांनी द्वारकेला फोन लावला. अर्ध्या तासात भाऊ आले. दार लोटलेलं होतं, तरी मला सगळं ऐकू येत होतं.

"ही तू भरलीस?"

"भरली, दादा. ठेकेदारानं जुन्या मोटारी आणून दिल्या, मी भरून दिल्या. पुढं त्यानं रंग मारून कुठं दिल्या, मला काय ठाऊक?"

"खरंच ठाऊक नव्हतं?"

नानांनी स्क्रूड्रायव्हर काचेवर ठेवल्याचा आवाज आला.

"तारसुद्धा हलकी वापरलीस."

"तो म्हणाला, हीच बसव." मग भावाचा आवाज एकदम चढला. "तू इथं खुर्चीत येऊन बसलास, दादा. तिकडं गिऱ्हाईक निम्म्यावर आलं. दारातून डोकावतात, नाना नाहीत म्हटल्यावर मागच्या मागं जातात. मी काय करायचं होतं?"

"मला सांगायचंस."

"तुला वेळ कुठं होता?"

भाऊ माझ्याकडे न बघता निघून गेले. आतून हाक आली तेव्हा मी वही घेऊन गेले.

नाना उभ्यानंच मजकूर सांगू लागले. पत्र मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना होतं. योजनेतल्या मोटारी नव्या नसून जुन्या, भरलेल्या आहेत. चौकशी व्हावी. "पुढं लिहा. सदर मोटारी माझ्या दुकानातून भरून गेल्या आहेत. त्याची सर्व जबाबदारी माझी आहे. मी सभापतिपदाचा राजीनामा देत आहे."

"पण नाना, दुकान आता भावाच्या ताब्यात आहे."

"पाटीवर नाव कोणाचं आहे?"

मी वहीत तेवढं उतरवून घेतलं.

"भावाचा उल्लेख कुठंही नको. एक अक्षर नको."

मी बाहेर येऊन टाइप करायला बसले. तुम्हाला खरं सांगते, त्या दिवशी मी मुद्दाम चुका केल्या. पहिल्या कागदावर तारीख चुकवली, दुसऱ्यावर एक ओळ गाळली, तिसरा यंत्रातच चुरगळला. चौथा कागद लावत असताना नाना माझ्यामागे येऊन उभे राहिले.

"बाई, तुमचं बोट कधी चुकत नाही."

"चार दिवस थांबा ना, नाना," मी न राहवून म्हणाले. "अध्यक्षपदाचं एकदा होऊ दे. मग तुमच्याच हातात असेल सगळं."

"तेच तर. चार दिवसांनी हा कागद माझ्याच टेबलावर येईल आणि मी तो खणात टाकीन. चांगलं कारण शोधून टाकीन. मी मला ओळखतो, बाई. टाइप करा."

मी टाइप केलं. त्यांनी सही केली. मला आठवतं, पेन माझंच होतं.

पुढचं तुम्ही ओळखू शकाल. सहलीचे सदस्य परतले आणि दुसऱ्याच कुणाला तरी हार घातले. चौकशी झाली, ठेकेदाराचं काम काढून घेतलं गेलं. नानांचं सदस्यत्वही गेलं. पक्षातले लोक म्हणाले, असा आपल्या हातानं पायावर धोंडा पाडून घेणारा माणूस पाहिला नाही. बाजारात लोक म्हणाले, स्वतःच खाल्लं असेल, पकडला जाणार म्हणून आधीच कबूल झाला. भावाला वाटलं, दादानं साधूपणा मिरवायला आपलं नाव वर कळवलं. त्यानं दुकानाची पाटी उतरवली, नवी लावली आणि बोलणं बंद केलं. दुकान त्याच्याकडेच राहू द्यावं असं नानांनी वहिनींना, म्हणजे आपल्या बायकोला, सांगितलं. वहिनी मला म्हणाल्या, "घरातून एक खुर्ची गेली असती तर मी रडले नसते. दोन माणसं गेली हो. एक दीर गेला आणि हे तर घरात असून नसल्यासारखे."

पाड्यावर नव्या मोटारी मंजूर व्हायला वर्ष लागणार होतं. नानांनी एक जुना टेम्पो भाड्यानं घेतला, तार आणि हत्यारं टाकली आणि निघाले. कोणत्या शेतकऱ्याची मोटार दुरुस्त झाली याची नोंद घ्यायला म्हणून एका फेरीत कार्यालयानं मला पाठवलं. शाळेच्या ओट्यावर पोतं अंथरून नाना बसले होते. चष्मा नाकावर घसरलेला, मांडीवर मोटार. शाळेला सुट्टी होती, बायका पाण्याच्या हंड्यांसकट थांबून बघत होत्या. पोत्यातून मोटार घेऊन आलेला तो शेतकरी शेजारी बसून तार धरत होता.

"नाना, तुमचा गट कुठं, हा पाडा कुठं," त्यानं विचारलं. "इथलं आमचं येक मत बी तुम्हाला पडायचं नाय. मंग कशाला?"

"म्हणून तर बरं वाटतंय," नाना म्हणाले. "पाच वर्षांत पहिल्यांदा हात जोडल्याशिवाय काम करतोय."

दुपारी त्या शेतकऱ्याच्या आईनं नागलीची भाकरी आणि उडदाची आमटी वाढली. जेवताना नाना एकदम म्हणाले, "धाकट्याचा हात माझ्यापेक्षा हलका आहे. हेच काम त्यानं दोन दिवसांत संपवलं असतं." त्या दिवशी भावाविषयी ते एवढंच बोलले. पुन्हा मोटारीकडे वळले तेव्हा सुईत दोरा ओवायला त्यांना बराच वेळ लागला.

पुढच्या निवडणुकीला ते अपक्ष उभे राहिले. मी त्यांना नको म्हटलं होतं. चिन्ह मागितलं होतं नळ, मिळालं शिवणयंत्र. "आयुष्यभर मोटारी भरल्या, आता ब्लाऊज शिवायचे," असं स्वतःच सांगत ते गावोगाव हिंडले. लोकांनी हसून चहा पाजला आणि मतं दुसऱ्याला दिली. निकालाच्या दुपारी ते आमच्या कार्यालयाजवळच्या टपरीवर भेटले. मी दोन चहा सांगत होते, तर तेच म्हणाले, "बाई, लोकांचं चुकलं नाही. मी दारात गेलो आणि त्यांना आठवावं लागलं की हा कोण, तेव्हाच मी पडलो होतो." त्यानंतर ते गावी परतले. ओट्यावर बसून शेजारपाजारच्या मोटारी भरायचे. मला मात्र दर दिवाळीला फराळाचा डबा येत राहिला. आता तो वहिनी पाठवायच्या.

अशी दहा-बारा वर्षं गेली. टाइपरायटर जाऊन संगणक आला, मी वरिष्ठ लिपिक झाले. माहितीचा अधिकार आल्यावर जुन्या फायली मागायला लोक यायचे. एक दिवस टेबलासमोर नानांचे धाकटे भाऊ उभे. केस पिकलेले. मुलाला एका कंपनीची एजन्सी घ्यायची होती आणि त्या चौकशीत आपल्या दुकानाविषयी काय लिहिलंय याची नक्कल हवी होती. मला त्यांनी ओळखलं, पण ओळख दाखवली नाही.

मी फाइल काढून दिली. ते बाकावर बसून वाचू लागले. पहिल्यांदा भरभर पानं उलटली. मग सावकाश. मग पुन्हा पहिल्या पानावर आले, नानांच्या पत्रावर.

"यात माझं नाव कुठंय?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"दुसरं पत्र असेल."

"दुसरं पत्र नाही. हे मीच टाइप केलंय. तुमचा उल्लेख नको असं त्यांनी बजावलं होतं."

"मग चौकशीत तरी..."

"चौकशीत त्यांनी सांगितलं, पाटी माझी, माल माझा. त्यांचा जबाब शेवटी लावलाय, बघा."

त्यांनी तो वाचला. फाइल मिटवून दोन्ही हातांनी मांडीवर धरून ठेवली. दुपारच्या सुट्टीची घंटा झाली, लोक डबे उघडायला गेले, तरी ते तसेच बसून होते. नंतर उठून म्हणाले, "नक्कल नको." आणि गेले.

त्याच संध्याकाळी मी घरी पोचले आणि फोन वाजला. नानांचा आवाज होता, पण फार हळू, कोणी ऐकू नये असा.

"बाई, धाकटा आलाय."

"काय म्हणाले?"

"काहीच नाही. आला, पायावर डोकं ठेवलं, आता जेवायला बसलाय. तिसरी भाकरी चालू आहे. मला काय बोलावं ते सुचेना, म्हणून आत येऊन तुम्हाला फोन लावला."

"काही बोलू नका, नाना. वाढा."

"हां," ते म्हणाले. "वाढतो." आणि फोन तसाच बाजूला ठेवून गेले असावेत, कारण मला भांड्यांचा आवाज आला आणि मागोमाग वहिनींचं हसणं.

नानांना मी शेवटचं बोलताना ऐकलं ते विधानसभेच्या मतदानाच्या दिवशी. आम्हा कर्मचाऱ्यांना निवडणुकीचं काम कुठंही लागतं. माझी नेमणूक नेमकी त्यांच्या गावच्या केंद्रावर झाली होती. माझ्याकडे शाई लावण्याचं काम होतं. दुपारी रांग ओसरली तेव्हा नाना आले. मधे अर्धांगाचा झटका येऊन गेला होता, पाय ओढत चालत होते. एका बाजूनं भावानं धरलं होतं आणि तो सारखा सांगत होता, "दादा, पायरी. दादा, उंबरा."

"मला दिसतंय रे," नाना म्हणाले. मग मला बघून थबकले. "बाई! तुम्ही इथंही आहात?"

"बोट पुढं करा, नाना."

मी त्यांची डावी तर्जनी हातात घेतली. नखाच्या मुळाशी, कातडीवर थोडी उतरेल अशी रेघ ओढली. वाळेपर्यंत ते तिच्याकडे बघत राहिले. मग एकटेच, भावाला मागे थांबायला सांगून, पुठ्ठ्याच्या आडोशाआड गेले. यंत्राची शिट्टी काही वाजेना. केंद्राध्यक्ष चुळबुळले. "आजोबा, बटण दाबा."

"दाबतो," आडोशामागून आवाज आला. "पाच वर्षं बसवायचंय त्याला. पाच मिनिटं तरी बघू द्या."

सगळी खोली हसली. मग शिट्टी वाजली. जाताना त्यांनी दारातून वळून माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली.

द्राक्षं भरायला लागली होती तेव्हा, दोन महिन्यांनी, नाना गेल्याचा भावाचा फोन आला. मी पोचले तोवर अंगणात माणसं मावत नव्हती. द्वारकेचे मिस्त्री, जुने सदस्य, पाड्यावरची काही मंडळी. ती मध्यरात्रीच निघून आली होती म्हणे. वहिनी मला हाताला धरून आत घेऊन गेल्या. नाना ओसरीवर होते, शाल गळ्यापर्यंत ओढलेली. भाऊ उशाशी बसले होते. येणाऱ्याला नमस्कारासाठी जागा करून देत होते आणि प्रत्येक वेळी शाल पुन्हा सारखी करत होते.

मी पायांशी वाकले. शालीतून त्यांचा डावा हात थोडा बाहेर आला होता. तर्जनीच्या नखावर शाईची रेघ अजून होती. नख वाढेल तशी ती मुळापासून सुटून वर सरकली होती आणि तिच्याखाली पांढरं, नवं नख आलं होतं.